सर्जनचा केसपेपर

सर्जन मंडळी मला पत्र लिहितात तेव्हा मनाबद्दल सहसा विचारत नाहीत. हात थरथरतो, झोप उडालीय, मान आखडते, ॲसिडिटी वाढलीय, असं लिहितात. मनाचा विषय निघालाच तर ताजा कलम म्हणून, शेवटच्या ओळीत. या महिन्यातली पाच पत्रं इथे घेतोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : वय ४४. तालुक्याच्या गावी माझं २० खाटांचं हॉस्पिटल आहे. तीन महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झाली. पेशंटला पुण्याला पाठवलं, तिथे दुसरं ऑपरेशन झालं, तो आता बरा आहे. मी मात्र रोज रात्री त्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग लावतो. नलिकेवर क्लिप लावतो त्या क्षणाआधी थांबवतो, मागे नेतो, पुन्हा बघतो. पित्ताशयाच्या केसेस आता घेतच नाही. सर्जरी सोडावी का?

डॉक्टर, तो निर्णय आत्ता नको. तीन महिने न झोपलेल्या माणसाकडून ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही तरी घ्याल का तुम्ही?

आधी रेकॉर्डिंगचं बघू. पहिल्या दोन वेळा तुम्ही पाहिलंत तो अभ्यास होता. आता रोज खपली काढणं चाललंय. तुमच्या भरवशाच्या एखाद्या सीनियरला बोलवा आणि त्यांच्याबरोबर ते एकदाच, सलग पाहा. चिकटलेलं कुठे होतं, पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी दोन्ही नीट सुट्या दिसल्या होत्या का, पोट उघडायचा निर्णय कुठल्या मिनिटाला घ्यायला हवा होता, हे अर्ध्या पानावर लिहून काढा. मग पेनड्राइव्ह त्यांच्याकडेच ठेवायला द्या. ही इजा अनुभवी हातांकडूनही होते. १००० पित्ताशयांमागे साधारण ३ ते ५ वेळा. हे तुम्हाला पाठ आहे. पण पाठ असल्याने रात्री दोन वाजता उपयोग होत नाही, म्हणून दुसरं माणूस शेजारी बसलेलं हवं.

चूक झालेल्या डॉक्टरची जी अवस्था होते तिला अमेरिकन डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 'दुसरा बळी' म्हटलं. शब्द मला पूर्ण पटत नाही, पेशंटच्या नातेवाइकांना तर मुळीच पटणार नाही. पण अवस्था खरी आहे. अमेरिकेतल्या ७,९०५ सर्जनांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेले ६.३ टक्के होते. गेल्या तीन महिन्यांत आपल्या हातून मोठी चूक झाली असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हेच प्रमाण १६.२ टक्के होतं. तुमचेही तीनच महिने झालेत, म्हणून आडपडदा न ठेवता विचारतो : आपण नसलेलं बरं, असं मनात येतं का? येत असेल तर आज रात्री घरी सांगा आणि उद्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ओपीडी एक दिवस बंद राहिली तरी चालेल.

पोलिसांची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाईला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. वकिलाला आणि विमा कंपनीला कळवून ठेवा. पेशंटला फोन करायची इच्छा असेल तर वकिलाशी बोलून जरूर करा. 'तब्येत कशी आहे' एवढं विचारल्यानेही छातीवरचं बरंच उतरतं.

पित्ताशय टाळत राहिलात तर भीती पक्की होईल. आधी हर्निया, हायड्रोसील. मग पित्ताशयाची सोपी केस, समोर दुसरा सर्जन स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन, गाऊन-हातमोजे घालून उभा. अशा चार-पाच झाल्या की मला पुन्हा लिहा.

प्रश्न : लाइव्ह वर्कशॉपमध्ये ऑपरेशन करायचं आहे. हात थरथरू नये म्हणून प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी घेऊ का?

दमा असेल किंवा नाडी मुळात मंद असेल तर मुळीच नको. नसेल तरी फिजिशियनला विचारून, आणि पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, ओटीच्या, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी नको. त्याआधी थायरॉइड तपासा आणि सकाळपासून किती कॉफी होते ते मोजा. थरथर रोजचीच असेल तर मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : माझे मिस्टर हाडांचे सर्जन आहेत. दोन वर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी घेतात, आधी अर्धी गोळी, आता दोन. सोबत दोन पेग. डॉक्टरांना दाखवू म्हटलं की 'गावात कळलं तर माझ्याकडे कोण येईल' म्हणतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या बॅगेत पेंटाझोसिन या सवय लागू शकणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनची फोडलेली अँप्यूल सापडली. पेशंटची असेल का?

वहिनी, असेलही. पण तुम्हाला तसं वाटत नाहीये, म्हणून तर पत्र लिहिलंत.

एक गोष्ट आधी. त्या गोळ्या तुम्ही लपवू किंवा फेकू नका. इतके दिवस रोज घेतलेलं अल्प्राझोलाम एकदम बंद झालं तर फिट येऊ शकते, दारूही एकदम सुटली तर धोका वाढतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करायचं असतं. मात्र गोळ्या आणि दारू एकत्र घेऊन झोपल्यावर श्वास मंदावतो, त्यात हे इंजेक्शन पडलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून फार दिवस थांबू नका.

डॉक्टर व्यसनात पडतात ते अज्ञानामुळे नाही; कपाटाची किल्ली खिशात आणि चिठ्ठी लिहायचा अधिकार हातात असतो म्हणून. आज जगभर निवासी डॉक्टर घडवण्याची रेसिडेन्सी म्हणून जी पद्धत चालते तिचा पाया घालणारे अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड १८८४ पासून कोकेनचे प्रयोग स्वतःवर करता करता त्यात अडकले, मग मॉर्फीनमध्ये. आणि तरीही नावाजलेले सर्जन राहिले. हे उदाहरण तुमच्या मिस्टरांना सांगू नका, ते उलट अर्थ काढतील.

गावात कळण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, लहान गावात रिक्षावालाही विचारतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क पेशंटला आहे, आणि पेशंट सर्जन असला म्हणून तो हक्क कमी होत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात जा. पहिली भेट व्हिडिओवर घ्या. गाठायचं एवढंच की त्यांच्या नावाचा केसपेपर दुसऱ्या डॉक्टरच्या हाताने लिहिला जावा. आणि हॉस्पिटलच्या इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली उद्यापासून मेट्रन सिस्टरकडे, नोंदवहीसकट. कारण विचारलं तर ऑडिट म्हणा.

प्रश्न : सरकारी कॉलेजात जनरल सर्जरीला पहिल्या वर्षाला आहे. ३६ तासांच्या ड्यूट्या, वर सीनियर सगळ्यांसमोर काहीही बोलतात. रडू येतं. हे डिप्रेशन की नुसता थकवा? सीट सोडू का?

दोन दिवस पूर्ण झोप मिळाली की जेवण चवीचं लागतं का, आईशी बोलावंसं वाटतं का? वाटत असेल तर थकवा जास्त. झोपूनही सगळं सपक वाटत असेल, दोन आठवडे तसंच चाललं असेल, तर तुझ्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात नको वाटलं तर बाहेर दाखव, पण दाखव. मरणाचा विचार आला तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

तू एकटा कच्चा नाहीस. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला; पाहणीतल्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांहून अधिक जणांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. गंमत अशी की केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत ४८ तास लिहिलेत. तीस वर्षांत आपण कागदावरही वर चढलो.

ड्यूट्यांच्या तारखा आणि वेळा वहीत लिहून ठेव. अपमानाची तारीखही लिही. मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधीकडे एकटा जाऊ नकोस, बॅचमधल्या दोघांना घेऊन जा. 'आम्हीही सोसलं' हे उत्तर मिळेल. मीही ते ऐकलंय. आमच्या युनिटचे एक सर टेबलवर पेशंट गेला की बाहेर येऊन पाच-पाच मिनिटं हात धूत राहायचे, नळ वाहता, कुणाशी शब्द नाही. आम्हाला वाटायचं, स्वच्छतेचं वेड. त्यांनीही सोसलं होतंच.

सीटचा निर्णय ड्यूटी संपल्या सकाळी घेऊ नकोस. उपचार सुरू होऊन दोन महिने झाले की बघू.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, सर्जन. गेल्या वर्षी ओटी थांबवली. तरीही रोज सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून हॉस्पिटलमध्ये येऊन बसतात. बोलत नाहीत, जेवण कमी झालंय. आता हॉस्पिटल मी बघतो.

वय झालं म्हणून सोडून देऊ नका. जेवण तुटणं आणि गप्प होणं ही या वयातल्या नैराश्याची लक्षणं असू शकतात, उपचारांनी फरक पडतो. स्मरणशक्ती, थायरॉइडची टीएसएच, बी-१२, सोडियम तपासून घ्या. त्यांना खुर्चीवर नुसतं बसवू नका. इंटर्न असतील तर रोज अर्धा तास गाठी मारायला शिकवू देत, शिवणाचा दोरा आणि खुर्चीचा हात पुरतो. कठीण केसचा सल्ला खरंच हवा असेल तेव्हाच विचारा, नाटकी विचारलेलं त्यांना कळेल.

मानसोपचारतज्ज्ञाकडे नेताना फाईल तुम्ही धरा. त्यांच्या हातात दिलीत तर पोचेपर्यंत ते निदान आणि औषधं दोन्ही लिहून ठेवतील.