कँपेरची ताटली किती जुनी?

प्रश्न : मडगावच्या एका जुन्या घरातील सामानाच्या विक्रीत मी मातीची रंगीत ताटली घेतली. मध्यभागी फ्रान्सच्या ब्रेतान्य प्रांताच्या पोशाखातील पुरुष आहे. मागे निळ्या रंगात हाताने ‘एचआर’ आणि ‘कँपेर’ अशी अक्षरे लिहिली आहेत. कडेचा टवका उडून आतली तांबूस माती दिसते. विकणाऱ्याने ती तीनशे वर्षांची असल्याचे सांगितले. ते मानावे का? आणि तिच्यात जेवण वाढता येईल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तीनशे वर्षे हा आकडा मानू नये. ब्रेतान्यमधील कँपेर गावातील रंगीत भांड्यांचा व्यवसाय १६९० च्या सुमाराचा मानला जातो, पण स्थानिक पोशाखातील स्त्री-पुरुषांची चित्रे तेथील भांड्यांवर रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शिवाय ‘एचआर’ ही आँर्यो यांच्या कारखान्याची खूण असून, त्याच गावच्या ‘एचबी’ कारखान्याने दोन्ही खुणांत गल्लत होते म्हणून हरकत घेतल्यावर १९२२ पासून आँर्यो यांना पूर्ण नाव लिहावे लागले. तेव्हा खूण अस्सल असेल, तर आपली ताटली त्याआधीच्या दोन-तीन दशकांतील असावी. हे वयही कमी नाही.

अशी भांडी घेताना चित्राच्या आधी पाठ पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. फ्रान्समधीलच मालिकोर्न गावच्या पुप्लार कारखान्याने कँपेरची शैली उचललीच, शिवाय कँपेरच्याच पोर्किए-बो कारखान्याच्या ‘पीबी’ या खुणेशी मिळतीजुळती ‘पीबीएक्स’ खूणही वापरली.

उडालेल्या टवक्याचे वाईट वाटून घेऊ नका. ही ताटली पोर्सेलिनची नाही, हे तोच दाखवतो. पोर्तुगीज अझुलेज फरश्यांप्रमाणे येथेही कथिलाच्या भस्माने पांढरी, अपारदर्शक केलेली झिलई मातीचा रंग झाकते. कच्ची, कोरडी झिलई रंग तत्काळ शोषून घेत असल्याने उमटलेला फटकारा पुसता येत नाही. काठावरची फुले भिंगातून पाहा : एकेक पाकळी कुंचल्याच्या एकाच दाबाने उमटलेली, एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ दिसेल. मला या भांड्यांत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

जेवण मात्र वाढू नये. जुन्या झिलईत शिसे असते आणि आंबट पदार्थांत ते उतरते, त्यामुळे सोलांचे हुमण तर तिच्यात मुळीच घालू नये. टवक्यातून माती पाणी पिते, म्हणून ताटली भिजत ठेवू नये आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीऐवजी कोरड्या कपाटात ठेवावी. टवका भरून रंगवण्याच्या फंदातही पडू नये, कारण तशा दुरुस्तीने खरेपणाची खूण झाकली जाते आणि जाणकार ग्राहक दुरुस्त केलेल्या नगाला कमी किंमत देतो.