चौरस फुटाच्या दरात काय काय येतं?

प्रश्न : गावी हजार चौरस फुटांचं घर बांधायचंय. ठेकेदार चौरस फुटाला एकच दर सांगतो आणि सहा महिन्यांत किल्ली देतो म्हणतो. होकार द्यावा का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : लगेच नको. आधी त्याच्याकडून कामनिहाय परिमाणं लिहून घ्या. स्लॅबचंच बघा. हजार चौरस फूट, जाडी पाच इंच, म्हणजे बीम सोडून सुमारे 417 घनफूट काँक्रीट. 1:1.5:3 या प्रमाणाला (सिमेंट, वाळू, खडी) सिमेंटच्या साधारण 95 गोण्या, वाळू पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आणि खडी साडेतीन ब्रास लागते. त्याचा आकडा 70 गोण्यांचा असेल, तर स्वस्ताई कुठून येतेय ते तिथंच कळतं.

तुमच्याकडे काळी माती असेल, तर खरा खर्च जोत्याखाली दडलेला असतो. खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहिल्याशिवाय दर ठरवूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वेळेचं म्हणाल, तर गाळा, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल, तर स्लॅबखालचे टेकू 14 दिवस हलवायचे नाहीत. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल, तर किमान 10 दिवस पाणी मारायचं. घाई करायची तर मजूर वाढवा, हे दिवस कापू नका.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या : जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फिनिशिंग. शेवटचा हप्ता गच्चीत पाणी साठवून गळती तपासल्यावरच.