मेकॅनिकलच्या मुलीने रबराकडे वळावं का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, इंजिन माउंट (इंजिनाचे हादरे शोषणारे रबरी आधार) बनवणाऱ्या कारखान्यातली इंटर्नशिप, तिथल्या टेस्टिंग लॅबची लागलेली गोडी, आणि घरी बाबा म्हणतात, "रबर हे केमिकलवाल्यांचं काम. तू आयटीची ऑफर घे."

बाबांची काळजी रास्त आहे. पण त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. रबराचं मिश्रण जमवणं केमिकलवाल्यांचं काम. तो माउंट किती लाख हेलकावे सोसेल आणि चीर कुठून सुरू होईल, हे गणित तुझं.

हे गणित धातूसारखं चालत नाही, म्हणून तर त्यात मजा आहे. स्टीलच्या फटीगमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन येणाऱ्या थकव्यात, सरासरी ताण वाढला की आयुष्य घटतं, हे तू शिकलीस. नैसर्गिक रबर मात्र दर फेरीत पूर्ण सैल न सोडता थोडं ताणलेलंच ठेवलं, तर पुष्कळदा जास्त टिकतं! ताणलेल्या चिरेच्या टोकाशी रेणूंच्या साखळ्या ओळीने लागून स्फटिक बनतात आणि चिरेची वाट अडवतात. ताण शून्यावर आला की ते विरघळतात, वाट मोकळी होते. एसबीआर या कृत्रिम रबरात असे स्फटिक बनत नाहीत. टीपीयूसारख्या रबरी प्लॅस्टिकचं आणखी वेगळं: त्यातले कडक भागच साखळ्यांना धरून ठेवतात, आणि उष्णतेने ती पकड सैल होते.

एक रुंद रबरबँड घे, कडेला ब्लेडने बारीक छेद दे आणि हळूहळू ताण. छेदाचं टोक गोल होत जाईल. लॅबमध्ये डी मॅटिया मशीनवर मिनिटाला ३०० वेळा वाकणारी पट्टी तू पाहिलीच असशील. तिच्यावरही २ मिमीच्या छेदापासून चीर किती वाढली तेच मोजतात.

आता व्यवहाराचं. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असू शकतो, हे बाबांना आधीच सांग. पुढच्या शिक्षणासाठी खरगपूर आयआयटीचं रबर टेक्नॉलॉजी सेंटर आहे. तिथे मेकॅनिकलवाल्यांसाठी काय अटी आहेत ते पाहून मगच गेटचा पेपर ठरव. ठाण्याची इर्मरा ही रबर संशोधन संस्थाही एकदा पाहून ये. पण माझं मत विचारशील तर आधी दोन वर्षं लॅबमध्ये काढ. तुटलेले नमुने हाताळलेल्या माणसाला सॉफ्टवेअरमधली मूनी-रिव्हलिन, ओग्डेन ही रबराचं ताणणं गणितात मांडणारी मॉडेल्स लवकर उमगतात, उलट क्रमाने फार वेळ जातो.

कारखान्यातल्या लॅबप्रमुखांना याच आठवड्यात फोन कर. जागा आहे का, हे आयटीवाल्यांना उत्तर देण्याआधी कळायला हवं.