'हस्तक्षेप', 'कुमक' की 'स्वयंसेवक'? कोरियातल्या चिनी फौजेविषयी

प्रश्न असा : १९५० साली चीन उत्तर कोरियाच्या बाजूने युद्धात उतरला, त्याला मराठीत 'हस्तक्षेप' म्हणावं की 'मदत'? आणि त्या फौजेला 'स्वयंसेवक' म्हणणं बरोबर आहे का?

आधी चिनी शब्द पाहू. ३ ऑक्टोबर १९५० रोजी मध्यरात्र उलटल्यावर चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि बजावलं : अमेरिकी फौजा ३८ अक्षांशाच्या (उत्तर व दक्षिण कोरियामधल्या सीमारेषेच्या) वर आल्या तर आम्ही हातावर हात ठेवून बसणार नाही, आम्ही 'गुआन' करू. या 'गुआन'ने दुभाष्याला घाम फोडला. कारभार पाहणं, दखल घेणं, बंदोबस्त करणं, असं सगळं त्यात येतं. इंग्रजीला तो पेलला नाही, मराठीत मात्र जोडीदार तयार आहे : 'आम्हाला यात लक्ष घालावं लागेल.' वरून सौम्य, आतून धमकी. इथे 'हस्तक्षेप करू' लिहिलं की ती खोच गेलीच. शिवाय स्वतःच्या कृतीला कोणी सहसा हस्तक्षेप म्हणत नाही. तो शब्द बाहेरून पाहणाऱ्याचा. इतिहासलेखक म्हणून तुम्ही तो खुशाल वापरा, फक्त चौंच्या तोंडी घालू नका. वॉशिंग्टनने हा इशारा मनावर घेतला नाही. १९ ऑक्टोबरला चिनी फौजा चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडू लागल्या.

आता 'स्वयंसेवक'. सेनेचं नाव आधी 'साह्य-सेना' या अर्थाचं ठरत होतं, ते बदलून 'स्वेच्छा-सेना' झालं. गंमत म्हणजे दोन्ही शब्द मराठी कानाला 'जर्-युआन' असेच ऐकू येतात. फरक सुरांचा : 'साह्य'मध्ये पहिलं अक्षर उंच सपाट, दुसरं चढतं; 'स्वेच्छा'मध्ये दोन्ही उतरती. बदलामागे हिशोब होता. 'साह्य' राज्य पाठवतं, म्हणजे अमेरिकेशी उघड युद्ध. 'स्वेच्छा' माणसांची, राज्य नामानिराळं. प्रत्यक्षात पंग द-ह्वाय यांच्या हाताखाली गेले ते नियमित सेनेचेच कोअर (मोठे सैन्यविभाग), जुन्या क्रमांकांसकट. नावातून गळलेलं 'साह्य'वालं 'युआन' घोषणेत मात्र टिकलं : 'अमेरिकेला प्रतिकार, कोरियाला साह्य'.

मराठीत 'स्वयंसेवक' म्हटलं की संमेलनाच्या मांडवात बिल्ला लावून खुर्च्या मांडणारा डोळ्यांपुढे येतो. म्हणून पहिल्या उल्लेखात विशेषनाम पूर्ण द्यावं : 'चिनी जन-स्वयंसेवक सेना'. पुढे सरळ 'चिनी फौजा'. 'चिनी स्वयंसेवकांनी हल्ला केला' हे अवतरणचिन्हांशिवाय नको. 'कुमक' हा तुर्कीतून फारसीमार्गे आलेला, बखरींत रुळलेला शब्द छान आहे, पण कुमक दुसऱ्याच्या सेनापतीला मिळते. इथे लढाईची सूत्रंच बव्हंशी चिन्यांकडे गेली, त्यामुळे तो तोकडा पडतो.

'मध्यस्थी' तर अजिबात नको. ती दोघांच्या मधल्याची. चीन एका बाजूचा होता. २७ जुलै १९५३ च्या युद्धविराम करारावर पंग यांची सही आहे, तीही 'स्वयंसेवकांचे सेनापती' म्हणूनच. मधला होता भारत : घरी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. त्यांतले १४ हजारांहून अधिक चिनी कैदी १९५४ च्या जानेवारीत तैवानला गेले. त्यांच्याविषयी लिहिताना 'युद्धकैदी' एवढंच लिहा. 'स्वयंसेवक कैदी' वाचून कोणालाही हसू येईल.