तीन नको, दोनच लॅपटॉप घ्या

प्रश्न : मी सांगलीत दिवाणी वकिली करतो. एक ज्युनिअर आहे आणि टायपिंगला अठरा वर्षांपासून आमचे अण्णा. ते जुन्या टाइपरायटरच्या मांडणीनेच श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात. तिघांसाठी तीन लॅपटॉप घ्यायचे आहेत, एक लाख ऐंशी हजार बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो आय-सेव्हन प्रोसेसरचे घ्या. एक स्नेही म्हणतात, वीस हजारांचा वापरलेला लॅपटॉप पुरतो. कोणाचं ऐकू?

उत्तर : वकीलसाहेब, दोघांचंही नको. आधी अण्णांचा विचार करा, कारण तुमच्या ऑफिसात सर्वांत जास्त तास यंत्रापुढे तेच बसतात. लॅपटॉपवर दिवसभर टाइप करायचं तर मान खाली राहते आणि मनगटं आखडतात. त्यांना डेस्कटॉप द्या. डोळ्यांच्या उंचीला २४ इंची मॉनिटर, सुटा कीबोर्ड, सोबत यूपीएस. डावीकडे जुना दावा आणि उजवीकडे नवी कैफियत उघडून काम करता येईल.

श्रीलिपीबद्दल थोडं सविस्तर सांगते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला, की नुसती चिन्हं दिसतात. त्यातून केलेल्या पीडीएफमध्ये पक्षकाराचं नाव शोधलं तरी सापडत नाही. म्हणून नवं काम युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, सुरू करा. त्यासाठी अण्णांना नवी मांडणी शिकवायची गरज नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड आयता असतो, पण टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी ठेवूनही युनिकोड टाइप करता येतं. तशी सोय बसवून द्या. अठरा वर्षांचा हात मोडू नका. जुने मसुदे लागतील तसे रूपांतरित करा आणि प्रत्येक वेळी रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

आता तुमचे दोन लॅपटॉप. वर्ड, पीडीएफ आणि व्हिडिओवरची सुनावणी याला आय-फाइव्ह किंवा रायझन-फाइव्ह भरपूर झाला. आय-सेव्हनचे पैसे १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि घरपोच सेवेच्या तीन वर्षांच्या वॉरंटीत घाला. पडदा १४ इंची, १६:१० प्रमाणाचा बघा. उभट असल्याने दाव्याच्या चार ओळी जास्त दिसतात. डिजिटल सहीचं टोकन साध्या यूएसबीत जातं आणि पातळ लॅपटॉपवर कधीकधी ते छिद्रच नसतं, म्हणून दुकानात टोकन घेऊनच जा. विंडोज प्रो मागा. त्यात डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर आहे. तो चालू केला, की एसटीत बॅग राहिली तरी पक्षकाराची कागदपत्रं दुसऱ्याला वाचता येणार नाहीत. त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा राखीव आकडा, मात्र छापून कपाटात ठेवा.

वापरलेल्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर त्याची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. विंडोज ११ साठी इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी तरी लागते. आय-फाइव्हच्या पुढे ७२०० लिहिलं असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी. पक्षकारांचे कागद असल्या सातव्या पिढीच्या यंत्रावर ठेवू नका.

कराचं एवढंच : वकिलीवरचा जीएसटी एक तर माफ असतो, नाहीतर रिव्हर्स चार्जने, म्हणजे तुमच्याऐवजी व्यावसायिक अशीलच थेट सरकारला भरतो, त्यामुळे तुमची नोंदणी नसेल तर यंत्रावरचा १८ टक्के कर तुमच्याच खिशातला. घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीतला दरवर्षी खर्चात धरायचा भाग, ४० टक्के मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. म्हणून खरेदी सप्टेंबरअखेर उरका. खर्चाचा हिशेब न देता अंदाजित उत्पन्नावर कर भरत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून. २०१९ च्या महापुरानंतर मी सांगलीत एका वकिलांच्या तळमजल्यावरच्या ऑफिसातून चिखलाने भरलेले दोन संगणक उचलले. दुसरी प्रत कुठेच नव्हती. अकरा वर्षांच्या मसुद्यांतलं काहीच वाचवता आलं नाही. ते गृहस्थ त्या डिस्क हातात घेऊन पायरीवर बसून होते. तुमच्या रकमेतून दोन एक्स्टर्नल डिस्कचे पैसे आधी वेगळे काढा. एक ऑफिसात ठेवा, दुसरी घरी वरच्या मजल्यावर, आणि दर शनिवारी अण्णा निघायच्या आधी ऑफिसातल्या डिस्कवर नवी प्रत काढून दोन्ही डिस्कची अदलाबदल करा.