रॅम्पचा उतार, ब्रासचा हिशोब आणि डिप्लोमानंतरची वाट

प्रश्न : मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत अंबड भागातल्या एका खडी क्रशरवर कामाला होता. हायवा (मोठे डंपर) ज्या भरावावरून हॉपरपर्यंत, म्हणजे दगड ओतायच्या तोंडापर्यंत, चढतात तो रॅम्प पावसात एका बाजूने खचला. तेव्हापासून 'मला उतारांचंच काम शिकायचंय' म्हणतो. एक क्लास स्लोप स्टॅबिलिटीच्या (उतार टिकेल का ते तपासण्याच्या) सॉफ्टवेअरचे चाळीस हजार मागतो आहे. भरावेत का?
— एक पालक, जालना जिल्हा

उत्तर : नमस्कार. आत्ता भरू नका. सॉफ्टवेअरला मातीचा घर्षणकोन (कण एकमेकांवरून घसरायला किती विरोध करतात त्याचं माप), चिकटपणा आणि पाण्याची पातळी द्यावी लागते. हे आकडे कुठून आणायचे ते ज्याला कळलं, त्याला सॉफ्टवेअर थोड्या दिवसांत जमतं.

तुमच्या रॅम्पचंच बघा. मुरमाचा घर्षणकोन ३४ अंश धरला आणि उतार २:१, म्हणजे दोन मीटर आडवा, एक मीटर उभा ठेवला, तर कोरड्या भरावाचा सुरक्षा गुणांक, म्हणजे मातीची ताकद भागिले तिला खाली ओढणारा जोर, साधारण १.३५ येतो (चिकटपणा सोडून); १ च्या खाली गेला की उतार घसरतो. जागा वाचवायला उतार १.५:१ केला की तो जेमतेम १. आणि २:१ च्याच भरावातून उताराला समांतर पाणी झिरपायला लागलं तर १.३५ चा जवळपास निम्मा होतो. मग तो उभा राहतच नाही. म्हणून पहिला प्रश्न पाणी कुठून येतं हा, उतार नंतर.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे. खाणीवरची काळी माती काढतात आणि लांब न्यायला नको म्हणून तीच रॅम्पमध्ये ढकलतात. ती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांतून पाणी आत जातं, माती फुगते आणि मऊ पडते. रस्त्याच्या भरावात ५० टक्क्यांहून जास्त फुगणारी माती चालत नाही, ती याचसाठी. शिवाय वरून टिपर उलटा करून केलेला भराव थरांत दाबलेला नसतो. २०० मिमीचे थर, योग्य ओलावा आणि कमाल कोरड्या घनतेच्या (लॅबमध्ये ती माती जास्तीत जास्त दाबून मिळणाऱ्या घनतेच्या) ९५ टक्के दाब, हे रस्त्याच्या भरावाचं माप इथेही धरावं. खालची जमीन उतरती असेल तर आधी पायऱ्या कापाव्या लागतात, नाहीतर सगळा भराव जुन्या जमिनीवरून सरकतो.

तो दाब सँड रिप्लेसमेंटने तपासतात: भरावात छोटा खड्डा करून निघालेली माती तोलायची आणि खड्ड्यात मावलेल्या वाळूवरून त्याचं आकारमान काढायचं. खड्ड्यात वाळू सोडताना शेजारी रोलर चालू असेल तर वाळू हादऱ्याने जास्त बसते, खड्डा मोठा भासतो आणि घनता खोटीच कमी निघते. असले बारकावे क्लासात कळत नाहीत, लॅबमध्ये कळतात.

आता मोजमाप, कारण नोकरी यावरच मिळते. माथा ६ मीटर, उतार २:१. एका छेदाला उंची ३ मीटर, क्षेत्रफळ ३६ चौ.मी.; २० मीटर पुढे उंची ४, क्षेत्रफळ ५६. सरासरी ४६ गुणिले २० म्हणजे ९२० घनमीटर, ३२५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर). (नेमक्या सूत्राने सुमारे ९१३ येतात.) पण हा दाबलेला भराव झाला. सैल मुरूम दाबल्यावर २० टक्के बसत असेल तर हायवात ११५० घनमीटर, म्हणजे ४०६ ब्रास लागतात. बिल दाबलेल्या मापाचं की गाडीच्या मापाचं, यावर ८० ब्रासचा फरक पडतो आणि साइटवरचे निम्मे वाद तिथेच होतात. त्याला टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं सर्वेक्षणाचं यंत्र) आणि एक्सेलवर हे काम चोख येऊ द्या.

वाट अशी धरा. थेट दुसऱ्या वर्षाला सिव्हिलची पदवी, मग गेट या प्रवेश परीक्षेतून भूतंत्र (माती आणि पायाच्या) अभियांत्रिकीत एमटेक. खाणीतच राहायचं असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंगची शाखा आहे. खाणीत जबाबदारीच्या पदासाठी डीजीएमएसची (केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची) प्रमाणपत्रं लागतात: मेट, फोरमन, सर्व्हेअर, मॅनेजर. धातू व दगड खाणींचे १९६१ चे नियम त्याने आत्तापासून वाचावेत. माती-मुरमाच्या बाजू ४५ अंशांपेक्षा उभ्या ठेवायच्या नाहीत, किंवा १.५ मीटरहून उंच नसलेल्या पायऱ्या कापायच्या, हे त्यात आहे. तुम्हाला सरकारी परीक्षा हवी असेल तर तीही द्यावी. मृदा यांत्रिकी तिथेही विचारतात.

तूर्त एक काम. रॅम्पच्या माथ्यावर, कडेला समांतर भेग दिसते का ते पाहायला सांगा. असेल तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर रोज मोजावं, पावसात दिवसातून दोनदा. अंतर वाढायला लागलं की गाड्या थांबवायच्या. आणि ती भेग मातीने बुजवून दिसेनाशी करू नका म्हणावं मालकाला.