‘आजी, मला टाक!’

स्टुटगार्टहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर परभणी, सासर लातूर, पोरगी सहा महिन्यांची. लिहिते, ‘ताई, ही दिवसभर किंचाळते, नाहीतर ओठांनी फुर्रफुर्र करते. दोन भाषांत गोंधळेल म्हणून आम्ही तिच्याशी मोडकंतोडकं जर्मनच बोलतो. मराठी बडबडगीतं टॅबवर लावतो. शिवाय वरणभात कधी द्यावा? आणि सासूबाईंच्या व्हिसाचं काय करू?’

वरणभात आता मऊ करून दे, मीठ नको. व्हिसाचं जाणकाराला विचार.

किंचाळणं हा आजार नाही गं, रियाज आहे. दोन-तीन महिन्यांचं लेकरू हुंकार देतं. पुढं किंचाळून, थुंकीचे फुगे काढून स्वतःचा आवाज चाचपून बघतं. मग सात-आठ महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’. (बाबाला वाटतं आपल्यालाच हाक मारली. वाटू दे.) दहा महिने झाले तरी असं ‘बाबाबा’ आलं नाही, तर कान तपासून घ्यायचे.

माझा राग आहे तो त्या मोडक्या जर्मनवर. दोन भाषांनी लेकरं गोंधळत नाहीत. पण तुला काय बोलू, मीही हेच केलंय. अंबाजोगाईहून लेस्टरला आले. कुणीतरी सांगितलं, घरी इंग्रजीच बोला. मी लेकाशी पुस्तकी इंग्रजी बोलत बसले. पाच वर्षांचा झाल्यावर त्याला गावी नेलं. जेवताना म्हणाला, ‘आजी, मला टाक!’ माझ्या आईच्या हातात ताकाचा तांब्या. ‘कुठं टाकू रे माय तुला?’ पंगत हसली, मीही हसले. रात्री मात्र रडले.

ताकाचं ‘टाक’ का होतं, ते कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984 साली दाखवून दिलं होतं. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या लेकरांना हिंदीतल्या त-ट चा फरक ऐकू येतो. दहा-बारा महिन्यांची झाली की बहुतेकांना येत नाही. तुझ्या पोरीचे कान अजून उघडे आहेत, आणि तू तिला काय ऐकवतेस?

टॅबवर मराठी आहेच की, म्हणशील. सिअॅटलमध्ये संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं नऊ महिन्यांच्या अमेरिकन लेकरांना चिनी ऐकवलं, बारा बैठका. समोर माणूस बसून बोललं, खेळलं, तिथं लेकरं चिनी आवाज ओळखायला शिकली. तेच टीव्हीवर दाखवलं तर काही उपयोग झाला नाही. हे छापून आलं 2003 मध्ये. माझ्या आईनं ते वाचलं नव्हतं. माझ्या धाकटीला पायावर घेऊन तेल लावताना ती विचारायची, ‘काय करायलीस गं? पोट भरलं का?’ आणि हात थांबवून गप्प बसायची. पोरगी ‘अंऽऽ’ करायची. ‘हो का? मग?’ पुन्हा गप्प. ही धाकटी आज ताक मागते तेव्हा ताकच मिळतं.

तेव्हा टॅब ठेव कपाटात. लंगोट बदलताना परभणीच्या बोलीत तिला दिवसभराचं सांग, मध्येच थांब, तिची पाळी येऊ दे. जर्मन तिला पाळणाघर शिकवेल, तुझ्यापेक्षा बरं.

आणि हो, सासूबाईंच्या व्हिसाचं आजच बघ.